उजवं आधी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दोन लढाऊ विमाने एकामागोमाग एक उडाली. दुसऱ्या विमानाच्या एका क्षेपणास्त्राची पिन काढायची राहिली होती. त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हते. ज्याने ती काढायची होती, त्यालाही नाही.

तो शस्त्र विभागातला सर्वांत जुना सार्जंट. सगळी लाईन, म्हणजे विमानांपाशी काम करणारे सगळे, त्याला मामा म्हणत, आणि त्याला कारण होते. त्याच्या बहिणीचा मुलगा वैमानिक होऊन याच तळावर आला, तेव्हा पहिल्याच दिवशी चारचौघांत त्याच्या तोंडून ‘मामा’ निघून गेले. दुपारपर्यंत स्वयंपाकीसुद्धा मामा म्हणू लागला. याला कुणी मामा बनवायची गरज नाही, आयताच मिळालाय, असे एक मेकॅनिक म्हणाला आणि तो विनोद वर्षभर पुरला. मग दोघांनी आपसात ठरवले की अंगावर गणवेश असेपर्यंत भाचा ‘सर’ आणि मामा ‘सार्जंट’. सुटीच्या दिवशी बहिणीच्या घरी मात्र पारडे फिरे. सर उठून मामाला पाणी आणून देत, दाढी वाढली म्हणून बोलणी खात, आणि ताई म्हणे, आठवडाभर त्याला सलाम ठोकतोस ते एका दिवसात व्याजासकट वसूल करतोस.

तळावर दोन विमाने कायम तयार उभी असत आणि तिसरे राखीव. प्रत्येकाच्या दोन पंखांखाली रडारवर चालणारे एकेक क्षेपणास्त्र. हे क्षेपणास्त्र डोळ्यांना दिसणाऱ्या विमानासाठी नसते. शत्रू अजून पडद्यावरचा ठिपका असतानाच ते सोडायचे. सुटल्यावर बराच वेळ त्याला वाट दाखवते ते आपल्याच विमानाचे रडार, म्हणून वैमानिकाला नाक त्या ठिपक्याकडे धरून ठेवावे लागते. अगदी जवळ गेल्यावर क्षेपणास्त्राच्या टोकातले छोटे रडार जागे होते आणि पुढचे ते पाहून घेते. तेव्हाच वैमानिकाला पाठ फिरवता येते. पलीकडच्याकडेही असेच क्षेपणास्त्र असते. आधी कोण सोडतो आणि आधी कोणाला वळता येते, यावरच सगळे ठरते. बटण दाबले आणि काही सुटलेच नाही, तर ते लक्षात येऊन दुसरे निवडेपर्यंत पलीकडचे क्षेपणास्त्र निघालेले असते.

पिन बोटभर लांबीची, पोलादाची. ती आत असेपर्यंत क्षेपणास्त्र पंखाखालच्या रेलला जखडलेले राहते आणि त्याच्या मोटरकडे जाणारी वीजही तुटलेली असते. जमिनीवर काम करणाऱ्यांचा जीव पिन असण्यावर, आकाशात गेलेल्याचा ती नसण्यावर. कॉकपिटमधल्या पडद्याला पिनेचे काही कळत नाही. क्षेपणास्त्र केबलला जोडलेले आहे एवढे तो पाहतो आणि ‘तयार’ म्हणून दाखवतो. म्हणूनच पिन काढणारा माणूस शेवटी विमानाच्या नाकासमोर उभा राहून काढलेल्या पिना हात उंच करून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक त्या मोजतो, दोन बोटे वर करतो, आणि मगच चाके हलतात.

त्या दिवशीही पिना दाखवल्या गेल्या. भाच्याने दोन मोजल्या, दोन बोटे वर केली.

घोटाळा त्याच्या आधी झाला होता. भोंगा वाजला तेव्हा भाचा त्याच्या नेहमीच्या विमानात चढला आणि मामाने नेहमीप्रमाणे डाव्या पंखाखालची पिन काढली. तेवढ्यात वरून भाच्याने हात आडवा हलवला. रडारचा पडदा उजळत नव्हता. पुन्हा चालू-बंद करून पाहिले, तरी तो काळाच. रडारशिवाय ती क्षेपणास्त्रे म्हणजे नुसते वजन. भाचा शिडी न वापरता उडी मारून उतरला आणि शेजारच्या शेडमधल्या राखीव विमानाकडे धावला. त्याच्यामागे मामा. काढलेली पिन आधी जागेवर परत घालायची, मगच ते विमान सोडायचे, असा नियम होता. मामाने ती मांडीवरच्या खिशात टाकली.

विमाने गेल्यावर शेडमध्ये ती विशिष्ट शांतता आली, कानांत आवाज उरतो आणि बाहेर काहीच नसते तशी. मामाची जोडीदार भिंतीवरच्या हुकांना पिना अडकवत होती. ती कामाला लागून दोन वर्षे झाली होती. चालणे संथ, बोलणे त्याहून संथ, म्हणून तिचे नाव गोगलगाय पडले होते. तिला चिडवायला कुणी ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ म्हणाले की ती म्हणे, पाय आहेत म्हणूनच तुमच्या आधी पोचते.

तिने दोन्ही पिना तळहातावर ठेवल्या आणि तशीच थांबली.

“मामा, ही लांब फितीची आपली नाही.”

प्रत्येक पिनेला लाल फीत असते, पिन विसरली तर लांबून दिसावी म्हणून. राखीव विमानाच्या फिती उन्हाने विरून अंगठ्याएवढ्या उरल्या होत्या. नव्या मागवलेल्या होत्या आणि अजून यायच्या होत्या. गोगलगायच्या हातावरच्या एका पिनेची फीत आखूड होती, दुसरीची वीतभर लांब. लांब फितीची पिन भाच्याच्या नेहमीच्या, रडार बंद पडलेल्या विमानातली. म्हणजे राखीव विमानातून निघालेली पिन एकच. दुसरी या घटकेला हवेत होती.

मामाने खिसा चाचपला, मग दुसरा, मग उगाच सदऱ्याचाही.  पहिल्या शेडकडे तोंड करून उभा राहिला, जणू तिकडून कुणी येऊन हे खोटे आहे असे सांगणार होते.

“फोन तुम्ही करता की मी करू?” गोगलगायने विचारले.

फोन त्याने केला.

शस्त्र विभागाच्या मॅडम जीप घेऊन आल्या आणि त्याला नियंत्रण कक्षात घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी एकच विचारले: खात्री आहे? तो हो म्हणाला. गाडी वळणावर इतकी कलली की त्याला दांडा धरावा लागला.

नियंत्रण कक्ष जमिनीखाली होता. खोली थंड, दिवे मंद, आणि कंट्रोलरच्या टेबलावर कालचा चहा साय धरून बसलेला. मोठ्या पडद्यावर दोन हिरव्या खुणा वर सरकत होत्या, आणि वरच्या काठाशी तीन पिवळे ठिपके होते, जे सकाळपासून येत होते आणि परत जात होते. आज ते परत गेले नव्हते. साहेब, म्हणजे तळाचे प्रमुख, उभे राहून पडद्याकडे पाहत होते. मान न वळवता त्यांनी ऐकून घेतले.

“डावं की उजवं?”

“सांगतो, सर.”

“सांगतो म्हणजे?”

“आत्ता माहीत नाही.”

तेव्हा साहेबांनी मान वळवली.

त्यांनी आवाज चढवला नाही. त्या खोलीत कुणी चढवत नसे. राखीव विमानाचे यंत्र कसे बसवले आहे ते मामालाही ठाऊक होते, तरी त्यांनी ते शब्दांत मांडले, बहुधा स्वतःसाठीच. “मी गप्प बसलो तर तो आधी डावं सोडणार. यंत्राचा क्रमच तसा आहे. पिन उजव्यात असली तर माझं गप्प बसणंच बरं, पहिलं तरी सुटेल. पिन डाव्यात असली तर मी गप्प बसून त्याला मारतो. आणि तुम्ही मला चुकीची बाजू सांगितलीत, तर मी बोलून मारतो.”

मॅडमनी परत बोलावण्याचे सुचवले. कंट्रोलरने पडद्याकडे बोट केले. भाच्याला वळवले तर त्याचा लीडर, म्हणजे त्याच्या पुढे उडालेला वैमानिक, तिघांसमोर एकटा. पुढची जोडी दुसऱ्या तळावरून यायची होती आणि तिला वेळ लागणार होता. एकात पिन आहे पण कोणत्या ते ठाऊक नाही, एवढेच कळवावे का, हेही निघाले. साहेब नको म्हणाले. रेडिओवर बोललेले पलीकडे ऐकू जाते, असे धरूनच सगळे बोलत. अशा निरोपाने त्याच्या हाती काही लागणार नाही, आणि पलीकडच्यांना मात्र कळेल की या दोघांतल्या एकाचा हात बांधलेला आहे.

“दोन शब्द पाठवता येतील,” साहेब म्हणाले. “‘उजवं आधी.’ त्याहून जास्त नाही. ते पाठवायचे की नाही, एवढंच मला तुमच्याकडून हवंय. जा, आठवून या. फोनवर सांगा.”

परतताना जीपमध्ये मामा आठवत होता, आणि जे आठवत होते त्याचा काही उपयोग नव्हता. डावा पंख, वाकणे, अंगठा आणि तर्जनी, अर्धा पीळ, ओढ. मग पोटाखालून उजवीकडे. पुन्हा वाकणे, पीळ, ओढ. सगळे लख्ख दिसत होते. पण ते आजचे होते की कालचे, की गेल्या महिन्यातले? इतक्या वर्षांत हेच काम त्याने इतक्या वेळा केले होते की प्रत्येक वेळचे दृश्य आधीच्यावर बसून एकच होऊन गेले होते. हाताला सवय झाली की डोके घरी जाते, असे तोच नव्या पोरांना बजावत असे. डोके तेव्हा कुठे होते, ते आता शोधायचे होते.

राखीव विमानाची शेड रिकामी होती. जमिनीवर तीन चाकांचे काळे डाग होते, आणि मध्ये इंजिनातून गळलेल्या तेलाची पसरलेली खूण. गोगलगायने तोवर डागांवरून अंदाज घेऊन दोन अवजारांच्या पेट्या आणून ठेवल्या होत्या, जिथे क्षेपणास्त्रे लटकत होती नेमकी तिथे. तिला कुणी हे सांगितले नव्हते.

मामाने तिला साहेबांचे म्हणणे थोडक्यात सांगितले. मग विचारले, तू काय पाहिलेस?

ती चाकामागचा ठोकळा काढायला वाकली होती. वरून हाक आली तेव्हा तिने मान वळवली. हाक ‘मामा’ अशी होती. गणवेशात भाच्याने त्याला तसे कधी म्हटले नव्हते, म्हणून तिला ती लक्षात राहिली. त्या क्षणी मामाचे बूट उजव्या पंखाखाली दिसत होते. हात दिसत नव्हते. हाकेनंतर बूट सरळ पुढे नाकाकडे गेले.

“डावीकडे नाही गेलो?”

“नाही. सरळ पुढे. एवढं मी शपथेवर सांगते.”

मामाने ते मनात लावून पाहिले. हाकेनंतर तो नाकासमोर गेला, खिशात हात घातला, दोन पिना लागल्या, दोन दाखवल्या. हाताला दोन लागल्यावर डोक्याने काही विचारलेच नाही. त्यांतली एक आधीच्या विमानाची. म्हणजे इथे त्याने एकच काढली होती. सवयीप्रमाणे आधी डावीकडे जाऊन ती काढली असेल, तर हाक आली तेव्हा तो उजवीच्या पिनेला हात घालणार होता, आणि ती राहिली. आधी उजवीकडे गेला असेल, तर उजवीची काढून झाली होती, आणि हाकेसरशी डावी राहिली. सगळा प्रश्न एवढाच की शेडमध्ये शिरल्यावर तो आधी कुठे गेला.

“मी नेहमी डावीकडून सुरू करतो,” तो म्हणाला.

“हो.”

“पहिल्या विमानातही डावीचीच काढली.”

“हो. करून बघा ना.”

तो मधल्या दारात उभा राहिला. दोन शेडना जोडणारे ते अरुंद दार एरवी बंद असे आणि त्याला लागून ट्रॉली उभी केलेली असे. आज भाच्याने ट्रॉली ढकलून ते उघडले होते आणि सगळे तिथूनच आले होते. मामा चालू लागला. रिकाम्या जागेत विमानाच्या नाकाला वळसा घालावा तसा वळून डावीकडच्या पेटीपाशी गेला, वाकला, हवेत अर्धा पीळ दिला.

“हे विचार करून चाललात,” गोगलगाय म्हणाली. “तेव्हा विचार करत नव्हतात.”

ती म्हणाली, पहिल्या शेडच्या पार टोकाला जा आणि पळत या. तो गेला. पन्नाशीच्या माणसाला जेवढे पळता येते तेवढे पळत आला. दारातून आत शिरताना ती मोठ्याने ओरडली, “चला, चला, चला,” तसेच जसे सकाळी कुणीतरी ओरडत होते. तो धापा टाकत वाकला, हात पुढे केला, आणि मग त्याने पाहिले की समोरची पेटी उजवी होती.

तो तिथेच उकिडवा बसून राहिला.

वैमानिकांच्या खोलीकडून येणारा दरवाजा शेडच्या डाव्या बाजूला होता. इतकी वर्षे तो रोज तिथूनच आत येत होता, आणि तिथून येणाऱ्याला डावा पंख आधी लागतो. डावीकडून सुरुवात करणे हा आपला नियम आहे असे तो मानत आला होता. पोरांना शिकवतानाही तो तसेच सांगत असे. नियम त्याचा नव्हता, दरवाजाचा होता. मधल्या दारातून तो आजवर कधी कामाला शिरलाच नव्हता, आणि त्या दारातून येणाऱ्याला उजवा पंख आधी लागतो, हाताच्या अंतरावर.

पण मग त्याच्या मनात दुसरे आले. आत्ता उजवीकडे गेलो ते पाय गेले म्हणून, की उजवीकडे जावेसे वाटले म्हणून? ‘उजवं आधी’ हे दोन शब्द साहेबांनीच तर कानात घातले होते. त्याने गोगलगायला तसे बोलून दाखवले.  तिसऱ्यांदा करून काही उपयोग नाही, आता तुम्हाला उत्तर माहीत झालंय, एवढेच ती म्हणाली.

भिंतीवरचा फोन वाजला. मॅडम होत्या. ठिपके वळले होते, आपल्या दोघांच्या दिशेने. साहेब लाईनवर येत होते.

मामाने फोन कानाला लावला. साहेबांनी फक्त “बोला” म्हटले. त्याने सांगितले की पिन डाव्यात आहे, असे त्याला वाटते.

“वाटतं?”

“त्याहून जास्त कुणी सांगू शकणार नाही, सर. मी मधल्या दाराने आलो होतो. तिथून उजवं जवळ पडतं.”

पलीकडे कुणीतरी आकडे वाचत होते. साहेब म्हणाले, “तो तुमचा भाचा नसता, तर काय सांगितलं असतं?”

“हेच. पण लवकर सांगितलं असतं.”

फोन बंद झाला.

यानंतरचे मामाला मॅडमकडून कळले. कंट्रोलरने “दोन नंबर, उजवं आधी” असा निरोप दिला. उत्तर आले नाही. तिने तो पुन्हा दिला. तेव्हा रेडिओवर दोनदा टकटक झाली, बोलायचे बटण दाबून सोडल्यावर होते तशी. समजले, असे सांगायला वैमानिक कधीकधी तसे करतात. पण लीडरही तसे करतो. नंतर रेडिओवर सगळीकडे खरखर सुरू झाली, पलीकडून कुणीतरी मुद्दाम सोडलेली, आणि तिच्यात माणसाचा आवाज ओळखू येईना. पडद्यावर हिरव्या खुणा आणि पिवळे ठिपके एकमेकांत शिरले. मग एक पिवळा ठिपका दिसेनासा झाला. त्यानंतर थोड्याच वेळात एक हिरवी खूण डोंगरांच्या उंचीखाली गेली. तिथे या तळाचे रडार पोचत नाही. ती पाडली गेली की जीव वाचवायला स्वतःच खाली उतरली, हे पडद्यावरून सांगता येत नव्हते.

मामा शेडमध्येच होता. कक्षात येऊन बस, असा निरोप होता. तो गेला नाही. पहिल्या विमानाच्या डाव्या क्षेपणास्त्रात त्याने लांब फितीची पिन परत घातली, दोनदा ओढून पाहिली. मग राखीव विमानाच्या जागेवरच्या पेट्या उचलू लागला. गोगलगायने त्याच्या हातातून एक काढून घेतली. लाईनवरची बाकीची माणसे लांबच राहिली होती. त्यांना कळले होते. अशा गोष्टींना पाय असतात. एकाने चहा आणून स्टुलावर ठेवला आणि गेला, तोच मेकॅनिक, ज्याचा विनोद वर्षभर पुरला होता.

एक विमान परत आले. आवाज आधी आला, मग ते धावपट्टीच्या टोकाशी दिसले. मामा शेडच्या बाहेर आला आणि डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. शेपटीवरचा रंग लीडरच्या विमानाचा होता. पंख दोन्हीही रिकामे.

लीडर अजून कॉकपिटमध्येच असताना साहेब शिडी चढून वर गेले. लीडरचे म्हणणे असे होते. खरखर सुरू होण्याआधी त्याला कंट्रोलरचा निरोप अर्धा ऐकू आला होता. तो कुणासाठी होता ते त्याला कळले नव्हते. टकटक त्याने केली नव्हती. त्यानंतर दोघे ठरल्याप्रमाणे एकमेकांपासून लांब झाले. त्याने दोन्ही क्षेपणास्त्रे सोडली, पहिले वाया गेले, दुसऱ्याचे ठाऊक नाही. भाच्याच्या बाजूने धुराची एक रेघ निघालेली त्याने पाहिली होती. कोणत्या पंखाखालून, ते इतक्या लांबून दिसणे शक्य नव्हते. आणि ती रेघ उशिरा निघाली की वेळेवर, हेही तो सांगू शकला नाही. त्याच्या हिशेबाने ती वेळेवर होती. पण आपला हिशेब त्या वेळी भरवशाचा नव्हता, असे तोच म्हणाला.

मॅडमनी हे सगळे मामाला शब्दशः सांगितले. टकटक लीडरने केली नव्हती, हे त्यांनी दोनदा सांगितले. आता चौकशी होईल, मला आणि तुम्हाला दोघांनाही लिहून द्यावे लागेल, हेही सांगितले. मामाने मान हलवली. त्याने विचारले ते एवढेच, की डोंगरापलीकडे उतरायला जागा आहे का. एक जुना तळ आहे, मॅडम म्हणाल्या, आखूड धावपट्टीचा. त्यांना फोन लावलाय.

तेवढ्यात शस्त्र विभागाचा फोन वाजला. गोगलगायने उचलला, ऐकले, आणि चेहरा न बदलता मामाकडे दिला. ताई होती.

वसाहतीतली घरे धावपट्टीपासून फार लांब नव्हती. तिथल्या बायकांना, म्हाताऱ्यांना, शाळेतल्या मुलांनाही एक सवय लागलेली होती. विमाने गेली की कानांनी मोजायचे, आली की पुन्हा मोजायचे. फोन करून विचारायचे नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होते. ताईने आजवर कधी केला नव्हता.

“दोन गेली,” ती म्हणाली. “एक आलं.”

“दुसरं यायचंय.”

“ते त्याचं ना?”

“ताई, मी इथंच आहे.”

“ते नाही मी विचारलं.”

 मामाच्या हातून चूक झाली आहे, हे सांगायची हीच वेळ होती. ती नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आत्ता आपल्या तोंडून कळलेली बरी, एवढे त्याला समजत होते. त्याने सुरुवात केलीही. ताई, सकाळी घाईत माझ्याकडून, इथपर्यंत तो आला. तिने त्याला पुढे बोलू दिले नाही.

“आता फोन ठेव. कुणी तुम्हाला काही कळवत असेल, आणि आपण लाईन अडवून बसलोय.”

तिने आधी ठेवला.

ती म्हणाली त्यात चूक नव्हती. फोन ठेवल्या ठेवल्या पुन्हा वाजला, आणि या वेळी तो मॅडमनी उचलला. डोंगरापलीकडच्या तळावरून नियंत्रण कक्षाला कळवले होते, आणि कक्षाने इकडे. मॅडम ऐकत असताना समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. मामा त्यांच्या तोंडाकडे पाहत होता, गोगलगाय मामाकडे. मॅडमनी दोन वेळा “पुन्हा सांगा” म्हटले. मग फोन हाताने झाकून त्यांनी जे कळले होते ते त्याच क्रमाने सांगितले.

त्या तळावर एक लढाऊ विमान न विचारता उतरले होते. शेपटीचा क्रमांक आपल्या राखीव विमानाचा होता. धावपट्टी संपली तरी ते थांबले नाही आणि पुढच्या मातीत रुतले. उजवा पंख रिकामा होता. डाव्या पंखाखाली क्षेपणास्त्र होते. त्यात पिन आहे का, हे कक्षाने विचारले होते. पण मागच्या बाजूने धूर येत होता, बंब आत्ताच पोचले होते, आणि विमानाजवळ अजून कुणाला जाऊ दिलेले नव्हते.

कॉकपिटची काच बंद होती. ती आतून उघडली गेलेली नव्हती.